पेडल स्टीलची पेडल-यंत्रणा नव्याने बांधताना: आधी परतीचा सूर तपासा

प्रश्न थोडक्यात असा आहे: दहा तारांचं, ई-९ ट्यूनिंगचं, तीन पेडल आणि चार नी-लिव्हर असलेलं एक जुनं ऑल-पुल (स्वर चढवणं-उतरवणं दोन्ही रॉड ओढून करणारं) पेडल स्टील हाती आलं आहे, म्हणजे आडवी ठेवून धातूच्या बारने वाजवायची, पायाच्या पेडलांनी आणि गुडघ्याच्या लिव्हरांनी तारांचा स्वर बदलणारी गिटार. कित्येक वर्षं ते पेटीत बंद होतं. पेडल जड लागतात, करकरतात. ए पेडल (पाचवी तार बीवरून सी शार्पला नेणारं) सोडल्यावर ती तार आपल्या बी या स्वरावर परत येत नाही, थोडी चढीच राहते. बनवणारी कंपनी बंद झाली आहे. सगळं खोलून, साफ करून, झिजलेले भाग बदलून पुन्हा जोडायचं मनात आहे, तर सुरुवात कुठून करावी?

सुरुवात पान्याने करू नका, स्वर मोजणाऱ्या ट्यूनरने करा. एकही स्क्रू सैल करण्याआधी गिटार आहे तशी उभी करा. प्रत्येक पेडल आणि लिव्हर दाबण्याआधी तार कुठे होती, दाबल्यावर कुठे गेली आणि सोडल्यावर कुठे येऊन थांबली, हे कागदावर लिहून काढा. यातला तिसरा आकडा सगळ्यात महत्त्वाचा. तारेला हव्या त्या स्वरापर्यंत नेणं हे या यंत्रणेचं सोपं काम आहे. गंजलेली, खिळखिळी यंत्रणाही ते करते. नायलॉन ट्यूनर (रॉडच्या टोकाचा, बदललेला स्वर जुळवणारा छोटा नट) फिरवला की स्वर मिळतो. तारेला दर वेळी बरोबर त्याच जागी परत आणणं हे अवघड काम, आणि झीज, गंज, वाळलेलं तेल यांचा पहिला घाव तिथेच पडतो. पेडल सुरुवातीला ट्यूनिंग बदलण्याचं साधन म्हणूनच जास्त वापरलं जायचं. १९५० च्या दशकात स्टीलवादक बड आयझॅक्सने तार वाजत असतानाच पेडल दाबून आतला स्वर सरकवला आणि तीच या वाद्याची ओळख बनली. जाताना आणि येताना, दोन्हीकडची मींड आता ऐकू येते, त्यामुळे परतीची चूक लपवायला जागा नाही.

चूक किती लहान असते याचा अंदाज आधी घ्या, म्हणजे पुढचा सगळा आटापिटा कशासाठी ते कळेल. २४¼ इंच स्केलवर साध्या पोलादी तारेचा हिशेब केला, तर चौथी तार ईवरून एफ शार्पला न्यायला चेंजरच्या (तारा अडकवलेल्या टोकाला स्वर बदलणाऱ्या यंत्रणेच्या) माथ्यावर ती सुमारे १ मिलिमीटर सरकते. पाचवी बीवरून सी शार्पला जाताना सुमारे ०.६ मिलिमीटर. तिसरी जी शार्पवरून एला जाताना ०.८ च्या आसपास. सहावी तार साधी असेल तर तोच जी शार्प ते ए हा बदल जेमतेम ०.२ मिलिमीटरमध्ये होतो. रोलर नटाच्या (खुंट्यांकडे तारा ज्या फिरत्या चाकांवर टेकतात त्याच्या) मागे खुंटीपर्यंत जी तार असते तीही ताणली जाते, म्हणून प्रत्यक्षात हे आकडे थोडे वाढतात, पण प्रमाण हेच राहतं. म्हणजे फिंगर (चेंजरमधला त्या तारेचा डोलणारा तुकडा) मूळ जागेपासून एक शतांश मिलिमीटर जरी अलीकडे अडकलं, तरी तारेनुसार एक ते पाच सेंटचा (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) फरक पडतो. डोळ्यांना न दिसणारी ढिलाई कानाला दिसते ती यामुळे.

आता तुमच्या पाचव्या तारेकडे येऊ. काही खोलण्याआधी एंडप्लेटवर (चेंजरकडच्या टोकाच्या धातूच्या पट्टीवर) जिथे ए पेडलच्या, पाचवी तार ओढणाऱ्या रॉडचा नायलॉन ट्यूनर दिसतो, तो एक-दोन फेरे सैल करा. पेडल मोकळं असताना ट्यूनर सैल केल्यावर तार लगेच उतरली, तर चेंजर निर्दोष असण्याची शक्यता मोठी आहे. मोकळ्या स्थितीत कोणत्याही ट्यूनरने फिंगरला ओढून धरायचं नसतं. ट्यूनर आणि फिंगर यांच्यामध्ये कागद सरकेल एवढी तरी फट हवी. ती नसेल तर फिंगर आपल्या विसाव्याच्या जागी बसतच नाही. तार मग चेंजरच्या स्टॉपवर (थांब्यावर) टेकत नाही, पेडलवर लटकते, आणि पेडल जिथे थांबेल तो तिचा स्वर होतो. जुन्या गिटारींत हे फार आढळतं, आणि त्यामागे बहुतेक वेळा एकच कहाणी असते. पेडलचा स्टॉप सरकलेला असतो किंवा रॉड चुकीच्या छिद्रात असतो, त्यामुळे पेडल पूर्ण दाबूनही तार सी शार्पपर्यंत पोचत नाही. मग कुणीतरी ट्यूनर आवळत जातं. सी शार्प मिळतो, पण बी हरवतो. तो बी खुंटीने खाली उतरवला जातो, मग सी शार्प पुन्हा कमी पडतो, आणि हे चक्र चालू राहतं.

ट्यूनर सैल करूनही तार चढीच राहत असेल तर पुढे चला. परत येताना सूर कोणत्या बाजूला चुकतो यावरून दोष गिटारीच्या कोणत्या टोकाला आहे ते बऱ्यापैकी कळतं. चढवून सोडल्यावर तार चढी राहिली, तर अडचण चेंजरमध्ये किंवा त्याच्याखालच्या जोडण्यांत आहे; काहीतरी फिंगरला परत येऊ देत नाही. चढवून सोडल्यावर उतरी राहिली, तर रोलर नटाकडे पाहा. ताण वाढल्यावर खुंटीकडची थोडी तार रोलरवरून पुढे सरकली आणि परत मागे गेली नाही, असा त्याचा अर्थ. उतरवणाऱ्या लिव्हरसाठी हेच उलटं वाचायचं: उतरवून सोडल्यावर उतरी राहिली तर लोअर रिटर्न स्प्रिंग (उतरवलेली तार परत आणणारी) किंवा चेंजर, चढी राहिली तर रोलर नट. चौथी आणि आठवी तार एका लिव्हरने एफवर चढते आणि दुसऱ्याने ई फ्लॅटवर उतरते, म्हणून रोलरचा दोष या दोन तारांवर सर्वांत लवकर उघडा पडतो. रोलर फिरत नसतील तर ते काढून धुणं आणि त्यांच्या अ‍ॅक्सलला तेलाचा एक थेंब देणं हे छोटं काम आहे. पण ते केल्याशिवाय खालची यंत्रणा कितीही चांगली बांधली तरी कान समाधानी होणार नाही.

चढी राहण्याचा दोष चेंजरचा की पेडलचा हे वेगळं करायला पेडलपासून वर जाणारा उभा रॉड काढून टाका आणि गिटारीखालचा क्रॉस शाफ्ट (पेडलची हालचाल रॉडांपर्यंत नेणारा आडवा दांडा) हाताने फिरवून सोडा. आता तार नीट परतली तर दोष पेडलच्या बिजागरीत, उभ्या रॉडच्या टोकांत किंवा पेडल रॅकमध्ये (पेडल बसवलेल्या खालच्या दांड्यात) आहे. तरीही चढी राहिली तर क्रॉस शाफ्टची बुशिंग, पुल रॉड (शाफ्टपासून चेंजरपर्यंत जाणारा) किंवा चेंजर. त्यानंतर पुल रॉडही बेल क्रँकमधून (शाफ्टवरच्या, रॉड ओढणाऱ्या हातामधून) सोडवा, ट्यूनरच्या बाजूने फिंगर हलकेच ओढून सोडा. इतकं केल्यावर संशयित एकच उरतो.

आणखी दोन चाचण्या. पेडल स्टॉपला टेकेपर्यंत दाबा, स्वर पाहा, आणि मग पायाचा सगळा जोर द्या. स्वर जोराबरोबर वर चढत गेला तर स्टॉपचा ब्रॅकेट सैल आहे, क्रॉस शाफ्ट वाकतो आहे किंवा एखादा रॉड वाकडा असून जोराने सरळ होतो आहे. दुसरी, ए आणि बी पेडल एकत्र दाबून चौथ्या तारेकडे पाहा. या दोन्ही पेडलांचा तिच्याशी काही संबंध नाही, तरी ती काही सेंट उतरलेली दिसेल. याला कॅबिनेट ड्रॉप म्हणतात. तारांचा वाढलेला ताण आणि पायाचा जोर लाकडाला आणि चेंजरच्या बैठकीला वाकवतो. चेंजर, एंडप्लेट आणि पायांच्या सॉकेटचे स्क्रू घट्ट आहेत ना हे पाहून ठेवा, पण हा ड्रॉप शून्यावर आणायच्या मागे लागू नका. थोडा ड्रॉप प्रत्येक लाकडी गिटारीत असतो, आणि पेडल-यंत्रणा बदलून तो जात नाही.

इथवरच्या नोंदी सांगतात की काय खोलायचं. माझं ठाम मत असं की पेडल रॅक, पेडल, उभे रॉड आणि क्रॉस शाफ्ट हे इतक्या वर्षांनी खोलायलाच हवेत, पण चेंजर फक्त चाचणीने दोषी ठरवला तरच. चेंजर हा गिटारीतला सर्वांत अचूक बसवलेला भाग आहे, आणि नुसता अडखळत असेल तर बहुतेक वेळा जागेवरच धुऊन मोकळा होतो.

ही सगळी पद्धत ऑल-पुल यंत्रणेची आहे, म्हणजे चढवणं आणि उतरवणं दोन्ही रॉड ओढूनच होतं अशी. एमन्सची पुश-पुल किंवा फेंडर १००० सारखी केबलवर चालणारी यंत्रणा असेल तर स्वर जुळवण्याचा क्रम आणि स्टॉपची जागा वेगळी असते. तिथे निदान आणि साफसफाईचा भाग लागू पडतो, जुळवणीचा नाही.

खोलण्याआधी गिटार उलटी करून फोटो काढा, आणि फोटोंवर विसंबून न राहता नकाशाही बनवा. दहा तारांचे दहा रकाने. प्रत्येक रॉडसाठी कोणतं पेडल, बेल क्रँकचं शाफ्टपासून कितवं छिद्र, चेंजरचं अ‍ॅक्सलपासून कितवं छिद्र. रॉड रॉडवर चढलेले असतात आणि फोटोत मागचा नेमका झाकला जातो. प्रत्येक रॉडला मास्किंग टेपची चिठ्ठी लावा, कारण दिसायला सारखे असले तरी त्यांच्या लांब्या वेगळ्या असतात. पाने कोणत्या मापाचे लागतात तेही आधीच बघा. अमेरिकन गिटारींचे अ‍ॅलन स्क्रू इंचाच्या मापाचे असतात. त्यांत मिलिमीटरची जवळपास बसणारी किल्ली घातली की षट्कोन गोल झालाच म्हणून समजा, आणि बेल क्रँकचा असा बिघडलेला ग्रब स्क्रू (बिनमाथ्याचा स्क्रू) काढणं हे या सगळ्या कामातलं सर्वांत कंटाळवाणं प्रकरण ठरतं. अडकलेल्या स्क्रूला आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल लावून ठेवा, जबरदस्ती करू नका. काही गिटारींत बेल क्रँक आणि ब्रॅकेट जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव असतात; ते वाकत नाहीत, सरळ तडकतात.

तारा पूर्ण सैल केल्यावरच स्प्रिंगांना हात लावा, आणि डोळ्यांवर चष्मा ठेवा. सगळ्यात बाहेरच्या, म्हणजे तुमच्याकडे तोंड असलेल्या थरातले रॉड आधी काढा, लाकडाजवळचे शेवटी. क्रॉस शाफ्ट काढताना त्यावरच्या बेल क्रँकच्या जागा टोकदार पेन्सिलीने शाफ्टवर खुणावून ठेवा. रॉड तारेच्या अगदी रेषेत धावायला हवा, आणि ती रेष बेल क्रँकच्या जागेवरच ठरते.

साफसफाईला नॅफ्था, म्हणजे सिगारेट लायटरचं द्रव, आणि जुना टूथब्रश पुरतो. थिनर आणि अ‍ॅसिटोन लॅकरच्या पॉलिशजवळ येऊ देऊ नका, एक थेंब कायमचा डाग पाडतो. नॅफ्था ज्वालाग्राही आहे, तेव्हा खिडक्या उघड्या आणि आसपास ज्योत नको. काळपट चिकट थर जो निघेल तो वाळलेलं तेल, धूळ आणि तारांवरून बार घासून पडलेला धातूचा कीस यांचं मिश्रण असतो, आणि तो बारीक पॉलिश पेपरसारखं काम करत भाग झिजवत असतो. म्हणूनच चेंजरमध्ये ग्रीस घालू नये. ग्रीस हा कीस धरून ठेवतं. शिलाई मशीनचं पातळ तेल, तेही सुईच्या टोकाने जोडाच्या जागी, आणि उरलेलं पुसून टाकायचं. पेडलच्या बिजागरीसारख्या जाड भागांना मात्र थोडं ग्रीस चालतं.

आता झीज. चेंजर सोडला तर ती नेमकी चार ठिकाणी असते. क्रॉस शाफ्ट जिथे एंडप्लेटमध्ये किंवा ब्रॅकेटमध्ये फिरतो तिथे नखाने चाचपडलं तर कडा लागते. बेल क्रँकच्या छिद्रात रॉडचा वाकवलेला हूक बसतो. ते छिद्र ओढीच्या दिशेने लांबट होतं आणि हुकाला चर पडतो. उभ्या रॉडची दोन्ही टोकं ढिली होतात, हीच करकरीची नेहमीची जागा. आणि पेडलची बिजागरी बाजूला डुलायला लागते. एकेका जोडातली ढिलाई क्षुल्लक वाटते, पण चारही एका ओळीत आहेत, त्यांची बेरीज होते आणि पेडलच्या सुरुवातीच्या प्रवासात काहीच घडत नाही. वाजवणाऱ्याला पेडल पोकळ लागतं.

शाफ्ट झिजला असेल तर न झिजलेल्या भागाचं माप व्हर्नियरने घ्या आणि त्या मापाचा पोलादी रॉड लेथवर करून घ्या. बुशिंग पितळेचं किंवा नायलॉनचं चालतं. शाफ्ट बोटांनी गोल फिरेल पण वरखाली हलणार नाही, एवढं माप धरायचं. बुशिंगपेक्षा शाफ्टच्या लांबीतला प्ले जास्त वेळा दुर्लक्षित राहतो. शाफ्ट उजवी-डावीकडे सरकत असेल तर सगळे बेल क्रँक सरकतात आणि रॉड तिरके ओढले जातात. पातळ वॉशर घालून तो प्ले काढा. बेल क्रँकचं लांबट छिद्र मोठं करून त्यात पितळेची बारीक नळी बसवता येते. रॉडचा झिजलेला हूक मात्र दुरुस्त करण्यापेक्षा स्टेनलेस रॉडचा नवा तुकडा वाकवून घेणं बरं. वाकडे रॉड सरळ करा, किंवा फेका. वाकडा रॉड स्प्रिंगसारखा वागतो, आणि जोर दिल्यावर स्वर चढत जाण्याचा तो दोष नव्या बुशिंगने जात नाही.

चेंजर उघडायची वेळ आलीच तर आधी त्याचं काम डोळ्यांपुढे आणा. तार फिंगरच्या गोल माथ्यावरून जाऊन त्यालाच अडकलेली असते. फिंगर अ‍ॅक्सलवर डोलतं. रॉडने त्याचा खालचा भाग खुंट्यांच्या दिशेला ओढला की माथा उलट बाजूला जातो आणि तार ताणली जाते. उतरवण्यासाठी त्याला कात्रीसारखा जोडलेला दुसरा लिव्हर असतो, आणि लोअर रिटर्न स्प्रिंग त्याला स्टॉपवर घट्ट धरून ठेवते. तो ओढला की फिंगरला तारेच्या ताणाने पुढे झुकायला वाव मिळतो. या स्प्रिंगवर फार काही अवलंबून असतं. ती ढिली पडली असेल तर तार चढवताना खालचा लिव्हरही स्टॉप सोडतो आणि स्वर पूर्ण चढत नाही. तपासणं सोपं आहे: पेडल दाबताना एंडप्लेटच्या बाजूने त्या तारेचा खालचा लिव्हर पाहा. तो जराही हलता कामा नये. उलट गरजेपेक्षा जोरकस स्प्रिंग लावली तर गुडघ्याला लिव्हर दगडासारखा लागतो. म्हणून सगळ्यांना एकच कडक स्प्रिंग लावण्यापेक्षा त्या तारेला पुरेल एवढीच स्प्रिंग निवडा.

अ‍ॅक्सल काढताना फिंगर क्रमाने एका तारेत ओवून ठेवा आणि ती १ ते १० अशी खुणावा. ती आपापल्या जागी झिजून बसलेली असतात, अदलाबदल केली तर घट्ट-सैल होतात. अ‍ॅक्सलवर प्रत्येक फिंगरखाली चकाकणारा चपटा पट्टा दिसला तर तो बदला. नवा मिळेपर्यंत तोच फिरवून न झिजलेली बाजू भाराखाली आणता येते. फिंगरच्या माथ्यावर तारेने पाडलेले चर असतील तर ६०० पासून २००० पर्यंतच्या पॉलिश पेपरने तारेच्याच दिशेत घासा, आणि गोलाई मोडू नका. माथा चपटा झाला की तार झणझणते. तिसरी तार वारंवार तुटत असेल तर त्याचं एक कारण इथे सापडतं. दुसरं कारण भौतिकशास्त्राचं आहे: साध्या तारेत ठरावीक लांबीवर ठरावीक स्वराला धातूच्या दर चौरस मिलिमीटरवर येणारा ताण तारेच्या जाडीवर अवलंबून नसतो. एला चढलेली तिसरी तार पोलादाच्या मर्यादेच्या जवळ असते, मग ती ०.०११ इंच असो की ०.०१२. जाड तार लावून प्रश्न सुटत नाही, माथा गुळगुळीत करून बराच सुटतो.

जोडणी उलट्या क्रमाने, पण एक नियम पाळा: प्रत्येक टप्प्यावर भाग स्वतःच्या वजनाने पडला पाहिजे. नुसता क्रॉस शाफ्ट बसवा, बेल क्रँक वर धरून सोडा. तो विनाअडथळा खाली डुलला तरच पुढे जा. पेडल रॅकवर पेडल बसवा, तेही असंच तपासा. दोन पेडल एकमेकांना घासत नाहीत, उभा रॉड वाकडा ओढला जात नाही, हे रॉड जोडण्याआधी दिसतं, नंतर नाही. मग पुल रॉड एकेक करून घाला, आणि प्रत्येकानंतर शाफ्ट हलवून पाहा. दहाव्या रॉडनंतर अडखळ जाणवली तर दोषी दहावाच आहे, शोधत बसावं लागत नाही.

पेडलची उंची आणि प्रवास आता ठरवा, स्वर नंतर. एमन्स मांडणीत डावीकडून ए, बी, सी असा क्रम असतो, डे मांडणीत सी, बी, ए. आपली कोणती ते पाहून तीच ठेवा. ए आणि बी एकाच पायाने, घोटा कलता करून एकत्र आणि वेगवेगळे दाबले जातात, म्हणून त्यांची उंची सारखी आणि प्रवास जवळपास सारखा हवा. स्टॉप असा लावा की पेडल रॅकला किंवा जमिनीला टेकण्याआधी तो टेकेल.

यानंतरचं काम मला सर्वांत आवडतं, आणि यातच गिटार सुधारते किंवा बिघडते: छिद्रांची निवड. बेल क्रँकवर शाफ्टपासून लांबचं छिद्र घेतलं की पेडलच्या तेवढ्याच प्रवासात रॉड जास्त सरकतो आणि पाय जड होतो. चेंजरमध्ये अ‍ॅक्सलपासून लांबचं छिद्र घेतलं की रॉडला जास्त सरकावं लागतं पण जोर कमी लागतो. सी पेडल घ्या. ते चौथी तार एफ शार्पला आणि पाचवी सी शार्पला नेतं, दोन्ही पूर्ण स्वराने. पण वरच्या हिशेबाप्रमाणे चौथीला १ मिलिमीटर लागतो, पाचवीला ०.६. दोन्ही रॉड सारख्याच छिद्रांत घातले तर पेडल स्टॉपला टेकेपर्यंत चौथी आपल्या स्वराला जाईल तेव्हा पाचवी कधीच पुढे निघून जाईल. मग पाचवीचा ट्यूनर सैल करावा लागेल, आणि तिचा रॉड सुरुवातीला बराच वेळ मोकळा धावेल. पेडल दाबताना आधी चौथी निघते, मागून पाचवी धडपडत येते, आणि मींड फाटते. उपाय ट्यूनरमध्ये नाही. पाचवीचा रॉड बेल क्रँकवर शाफ्टच्या जवळच्या छिद्रात घ्या, किंवा चेंजरमध्ये अ‍ॅक्सलपासून लांबच्या. चौथीला उलट.

नियम असा निघतो: सगळ्या तारा स्टॉपवर एकत्रच थांबतात, म्हणून सुरुवात पाहायची. पेडल हाताने अगदी सावकाश दाबा आणि एंडप्लेटवर फिंगर कोणतं आधी हलतं ते बघा. उशिरा हलणाऱ्या तारेला तिच्या गरजेपेक्षा जास्त ओढ मिळते आहे, तिचं छिद्र मंद करा. जी ट्यूनर पूर्ण आवळूनही स्वराला पोचत नाही तिला ओढ कमी पडते आहे, तिचं छिद्र जलद करा. तुमच्या पाचव्या तारेची मूळ तक्रार या दुसऱ्या प्रकारातली असण्याचीच शक्यता मला जास्त वाटते.

बी पेडलवर तिसरी आणि सहावी यांचा फरक आणखी मोठा, जवळपास चौपट, आणि तो छिद्रांनी पूर्ण मिटत नाही. सहावीसाठी साध्याऐवजी गुंडाळलेली तार लावली की काम सोपं होतं: तिचं वजन सगळ्या वेटोळ्यांचं पण ताण आतल्या गाभ्यावर, त्यामुळे तिला जास्त सरकावं लागतं आणि ती तिसरीच्या जवळ येते. मात्र सहावीला उतरवणारा लिव्हर असेल तर त्याचाही प्रवास वाढतो, तेव्हा तारेचा प्रकार आधी ठरवा आणि छिद्रं त्यानंतर. ए पेडलवरची दहावी गुंडाळलेली असल्याने तिला पाचवीच्या जवळपासच प्रवास लागतो. ती सहसा त्रास देत नाही.

ट्यूनिंगच्या वेळी सर्व नायलॉन ट्यूनर आधी सैल करा, मग खुंट्यांनी मोकळ्या तारा जुळवा, मग चढवण्याचे स्वर, शेवटी उतरवण्याचे. प्रत्येक स्वर जुळवल्यावर पेडल सोडून मोकळी तार पुन्हा पाहा. ती हलली असेल तर ट्यूनर फिंगरला टेकला आहे आणि तुम्ही पुन्हा छिद्रांकडे जायला हवं. पाचवीला ए आणि सी या दोन्ही पेडलांचे वेगवेगळे ट्यूनर आहेत, दोन्हींचा सी शार्प एकमेकांशी जुळवून घ्या. दुसऱ्या तारेच्या लिव्हरला डी आणि मग सी शार्प असा दोन टप्प्यांचा थांबा असेल तर मधल्या थांब्याची स्प्रिंग सगळ्यात शेवटी लावा.

नव्या तारा दोन-तीन दिवस ताणत राहतात आणि नवे हूक आपल्या छिद्रांत बसतात, म्हणून पहिल्या आठवड्यात सुरुवातीला लिहिलेला तक्ता पुन्हा भरा, त्याच क्रमाने. बेल क्रँकचे ग्रब स्क्रू आणि स्टॉपचे लॉक नट याच वेळी पुन्हा एकदा आवळा. तिसऱ्या रकान्यातले आकडे पहिल्या रकान्यापासून दोन सेंटच्या आत आले, तर आता चेंजर उघडू नका. पाच सेंटच्या वर एखादीच तार उरली असेल तर तिचाच रॉड, तिचंच फिंगर आणि तिचाच रोलर पाहा. बाकीच्यांना हात लावायची गरज नाही.